ऋषींच्या तोंडी टिपणीस

रविवारी सकाळी कमलाकर टिपणीस स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या पिंपावर बसत. हौस म्हणून नव्हे. मुंबईहून निघालेलं एफ.एम. मधल्या टेकड्या ओलांडून पनवेलात पोचेपर्यंत पार थकून जाई, आणि टिपणिसांच्या घरात ते एकाच ठिकाणी टेके, फ्रिज आणि पिंप यांच्यामधल्या कोपऱ्यात, तेही वरच्या अंगाला. त्यामुळे पन्नाशीला टेकलेले, रक्तदाबाची गोळी घेणारे, रसायनीच्या एका कारखान्यात परचेस ऑफिसर असलेले हे गृहस्थ टू-इन-वन मांडीवर घेऊन, त्याची एरियल तारेने पिठाच्या चाळणीला बांधून, पिंपावर मांडी ठोकून बसत आणि डोळे मिटत.

"अहो, उतरा. तांदूळ काढायचेत," आशालताबाई म्हणत.

"आत्ता नाही. गिटार सुरू आहे."

"मग दुपारी गिटारच जेवा."

तास होता जुन्या रॉक गाण्यांचा. निवेदक स्वतः कमलाकरांच्याच वयाचा असावा, कारण मधूनच त्याला खोकला येई. दर आठवड्याला तो थोड्याफार फरकाने तीच गाणी लावी आणि त्यावर कोणाचीही तक्रार नसे. कार्यक्रम कोणासाठी आहे हे मधल्या जाहिरातींवरून लख्ख कळे. गुडघेदुखीचं तेल, केसांचा कलप, निवृत्तीनंतरच्या ठेवी, पुन्हा गुडघेदुखीचं तेल. कलपाची जाहिरात लागली की कमलाकर नकळत टाळूवरून हात फिरवत. तिथे आता कलपाला काम उरलं नव्हतं.

नवीन काही ऐकायची त्यांना इच्छाच नव्हती. कुठल्या गाण्यात ढोल कधी थांबणार, गायक कुठे किंचाळणार, हे ठाऊक असणं यातच सगळी मजा होती. आठवडाभर कारखान्यात बॉयलरचे वॉशर आणि पोतीबंद सोडा मागवणाऱ्या माणसाला या एका तासात पुन्हा खांद्यापर्यंत केस येत. फक्त एका गोष्टीचं वाईट वाटे. उभ्या पनवेलात हे ऐकणारे आपण एकटेच, अशी त्यांची खात्री होती.

केस खरोखरच खांद्यापर्यंत होते, हे फोटोत दिसत होतं. पण त्यापुढची हकीकत घरात कोणी मानत नसे. कमलाकरांचं म्हणणं असं की, एकोणीसशे सत्तर साली गिरगावात चार पोरांनी मिळून 'द इलेक्ट्रिक कंदील्स' नावाचा बँड काढला होता, त्यात ते गिटार वाजवत आणि गात. एका बिस्किट कंपनीच्या स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला आणि कंपनीने त्यांचं एक गाणं रेकॉर्डवर घेतलं. गाणं इंग्रजी होतं, निदान त्यातले 'ये ये ये' सोडून उरलेले शब्द तरी.

"मग ती रेकॉर्ड कुठाय, बाबा?" सतरा वर्षांची अनुष्का विचारी.

"ती बघ. लसणाखाली."

ते खरं होतं, आणि नव्हतंही. त्या काळी तव्यावर रेकॉर्ड गरम करून तिचे झालरीचे वाडगे करायची टूम निघाली होती. कमलाकरांच्या आईने लेकाचं लग्न ठरल्यावर घर आवरताना हाताला लागली ती रेकॉर्ड घेऊन सुरेख वाडगा केला. सूनबाई आल्यापासून त्यात लसूण राहत होता. तळाशी चिकटलेल्या लेबलावरची अक्षरं उष्णतेने अशी फिसकटली होती की तिथे भजनी मंडळाचं नावसुद्धा वाचता आलं असतं.

"बिस्किट कंपनी, दुसरा नंबर आणि पुरावा लसणाखाली," आशालताबाई माहेरच्या माणसांना सांगत. माहेरची माणसं हसत. कमलाकरही हसत. पण आत कुठेतरी त्यांना ते लागे, दर वेळी लागे. माणसाने आयुष्यात एक भन्नाट गोष्ट केलेली असावी आणि तीच थाप ठरावी, याचं दुःख कोणाला सांगणार?

म्हणून त्यांनी निवेदकाला पत्र लिहिलं होतं. आणि मे महिन्यातल्या एका रविवारी पिंपावर बसलेल्या कमलाकरांच्या कानावर निवेदकाचे शब्द पडले की, एका श्रोत्याने पत्रात लिहिलेली ती गिरगावच्या बँडची रेकॉर्ड चोरबाजारात भंगाराच्या ढिगात सापडली आहे, जरा चरे गेलेत, पण पुढच्या रविवारी एकदा वाजवून बघू.

कमलाकर पिंपावर उभे राहिले. डोकं माळ्याला आपटलं, चाळणी निखळून वरणात पडली.

"आशा! पुढच्या रविवारी! आम्ही! रेडिओवर!"

आशालताबाईंनी वरणातून चाळणी काढली. "बरं. लागलं का फार?"

"तू आणि अनुष्काने ऐकायचं. दोघींनी. नीट बसून."

"पिंपावर तिघं कसे मावणार?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. पिंपाच्या कोपऱ्यातसुद्धा आवाज येई तो भजी तळल्यासारखा. पंचवीस वर्षांनी एकदाच वाजणारं गाणं बायको आणि मुलीने त्या चुरचुरीतून ऐकून "कळलं नाही बाई काही" असं म्हटलं असतं, तर थाप कायमची थापच राहिली असती. रेकॉर्डिंगचंही नाव नको. टू-इन-वनने गेल्या वर्षापासून फिती खायला सुरुवात केली होती.

कमलाकर बळीरामकडे गेले.

बळीराम म्हणजे केबलवाला, पनवेलला लागूनच असलेल्या तक्का गावचा. त्याची छत्री आणि सगळी यंत्रं टिपणिसांच्याच सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत होती. तिथून वायरी निघून अर्ध्या पनवेलात पसरल्या होत्या आणि थेट तक्क्यात त्याच्या भावाच्या घरापर्यंत गेल्या होत्या. ही खोली त्याला मिळाली होती ती चेअरमन भगवानरावांच्या मेहेरबानीने, आणि ती मेहेरबानी एका अटीवर टिकून होती. रविवारची पौराणिक मालिका काचेसारखी स्वच्छ दिसली पाहिजे. भगवानराव वीज मंडळातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून नियम करत होते. जिन्यात चपला नकोत, गच्चीत पापड नकोत. "मालिकेत एकदा जरी मुंगी आली ना," त्यांनी बळीरामला बजावलं होतं, "तर त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा."

"साहेब, तुमी टेन्शन घेव नका," बळीराम कमलाकरांना म्हणाला. "नऊ नंबरचा चॅनल मोकला हाय. तुमचा रेडिओ माज्या खोलीत ठेवतू, गच्चीवर अँटेना बांदतू, आनि आवाज नऊ नंबरला सोरतू. तुमी खाली टीवी लावा नि निवांत आयका."

शनिवारी चाचणी झाली. जुन्या टीव्हीची अँटेना बांबूला बांधून गच्चीच्या कठड्याशी उभी केली. कमलाकर गच्चीत, अनुष्का खाली गॅलरीत.

"आलं का?"

"नाही! खरखर!"

कमलाकरांनी बांबू फिरवला. "आता?"

"आलं! ... गेलं!"

"आता?"

"आलं, आलं! काय केलंत?"

काही केलं नव्हतं, फक्त अँटेनेची दांडी मुठीत धरली होती. सोडली की खरखर, धरली की स्वच्छ. बळीरामने धरून पाहिली, तरी स्वच्छ. थोडक्यात, अँटेनेला माणूस लागत होता.

"उद्या मी धरून उबा रातू," बळीराम म्हणाला. "पन लवकर सुटायला लागंल. उद्या पुतनीची हलद हाय. तुमी समद्यांनी यायचं सांजचं."

नऊ नंबरच्या आवाजाच्या पिनेला त्याने पांढरी चिकटपट्टी लावली. मालिकेच्या चॅनलच्या पिनेला पहिल्यापासून पिवळी होती. पिना दिसायला अगदी सारख्या, म्हणून ही खूण. मग संध्याकाळच्या सिनेमासाठी त्याने पांढरी पिन काढून ठेवली, सकाळी परत लावायला.

इथपर्यंत सगळं नीट होतं. घोळ झाला तो हळदीमुळे.

हळद नवरीला लागते हे खरं, पण नवरीच्या काकाला मोकळं सोडायचं असं कोणी सांगितलंय? रविवारी सकाळी बळीराम मांडवातून सायकल काढत असताना त्याच्या वहिन्यांनी आणि चुलत बहिणींनी त्याला गाठलं. सुटका करून तो गच्चीवर पोचला तेव्हा कपाळापासून कोपरापर्यंत पिवळाधमक होता आणि हळद अजून ओली होती. त्याने घाईघाईने पांढऱ्या पट्टीची पिन उचलली. ती पिवळी झाली. मालिकेची पिन जरा सैल वाटली म्हणून काढून पुसली. तीही पिवळी, मुळातच. मग मांडवातून पोरगी धावत आली, "काका, चला, भटजी खोळंबलाय," म्हणून. बळीरामने दोन्ही हातांत दोन पिवळ्या पिना धरून क्षणभर पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही खुपसल्या.

"साहेब, लावलंय!" जिन्यातून उतरता उतरता तो ओरडला. "मी चाललू! खोलीला कुलूप हाय!"

"आणि अँटेना कोण धरणार?"

उत्तर द्यायला बळीराम सोसायटीत नव्हता.

खाली टिपणिसांचा दिवाणखाना सज्ज होता. आशालताबाई पदराला हात पुसून सोफ्यावर बसल्या होत्या. नवऱ्याच्या हट्टापुढे त्यांनी आमटी झाकून ठेवली होती, ही मोठी गोष्ट होती. अनुष्काने नऊ नंबर लावला. पडदा निळा, रिकामा. आणि त्या रिकाम्या पडद्यातून खणखणीत आवाज आला.

"हे राजन्! तुझा सर्वनाश अटळ आहे!"

तिघंही दचकले.

"हेच का तुमचं गाणं?" आशालताबाईंनी विचारलं.

"छे! अँटेना भलतंच पकडतेय. थांबा, हलू नका," असं म्हणत कमलाकर जिन्याकडे धावले. केबलच्या खोलीला कुलूप होतं, बांबू वाऱ्यावर झुलत होता. त्यांनी दांडी घट्ट पकडली आणि हाक मारली, "आलं का?"

खाली अनुष्का "नाही" म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या भगवानरावांच्या घरातून गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात ऐकू आली. ती भुवया उंचावून एकेक चॅनल बदलत गेली आणि मालिकेवर थांबली. पडद्यावर यज्ञकुंडाजवळ एक दाढीवाले ऋषी संतापाने थरथरत होते आणि त्यांच्या ओठांतून निवेदकाचा आवाज येत होता.

"... एकोणीसशे सत्तर, गिरगावचा बँड, द इलेक्ट्रिक कंदील्स. गिटार आणि आवाज, कमलाकर टिपणीस, सध्या मुक्काम पनवेल!"

आशालताबाई सोफ्यावरून उठून उभ्या राहिल्या.

"बाबा!" अनुष्का गॅलरीत जाऊन जीव तोडून ओरडली. "आलं! सोडू नका! अज्जिबात सोडू नका!"

"नाही सोडत!" वरून उत्तर आलं.

आणि नेमक्या त्याच वेळी टाकीत पाणी सुरू झालं. भगवानरावांचा नियमच होता. मालिका पाहायला बसण्याआधी मोटर चालू करायची, पाणी वर चढायला थोडा वेळ लागतो, म्हणजे मालिका संपेपर्यंत टाकी भरते. पाणी धबाधबा कोसळू लागलं, प्लॅस्टिकची टाकी ढोलासारखी घुमू लागली, आणि कमलाकरांना स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना. त्यांनी दांडी सोडली असती तर दोन पावलांवर जिना होता, जिन्यात उभं राहिलं तरी गाणं कानावर पडलं असतं. पण सोडली असती तर गाणंच राहिलं नसतं. आशा ऐकत असेल, अनुष्का ऐकत असेल, एवढ्यावर ते उन्हात, घामाने निथळत, मूठ आवळून उभे राहिले.

वरून त्यांना दिसत मात्र सगळं होतं. समोरच्या इमारतीत एकेक दार उघडत होतं. माणसं गॅलऱ्यांत येत होती, आत जात होती, पुन्हा बाहेर येत होती. कोणी वर बोट दाखवत होतं. खाली अंगणात भगवानराव बनियनवर उभे राहून मूठ उगारत होते. आपलं गाणं एवढं पोचलं? कमलाकरांचा ऊर भरून आला. त्यांनी मोकळा हात उंच करून भगवानरावांना अभिवादन केलं. भगवानरावांनी दोन्ही मुठी उगारल्या.

गाणं संपेल एवढा वेळ मोजून, वर थोडा वेळ देऊन, त्यांनी दांडी सोडली. बोटं आखडली होती. तेवढ्यात जिन्यातून अनुष्का धावत आली आणि थेट गळ्यात पडली.

"बाबा! तुम्ही खरंच होतात!"

"होतो म्हणजे? पंचवीस वर्षं तेच तर सांगतोय."

मागून आशालताबाई आल्या. त्यांनी पदराने नवऱ्याचं कपाळ पुसलं, तेही अनुष्कासमोर. असं त्यांनी लग्नानंतर कधी केलं नव्हतं. त्यांच्या मागून मात्र सगळी सोसायटी आली, समोरच्या इमारतीतली मंडळी आली, आणि सर्वांत पुढे भगवानराव.

कोणीतरी मोटर बंद केली. गच्चीत एकदम शांतता झाली.

"टिपणीस! हा काय चावटपणा आहे? ऋषी शाप द्यायला उभे राहिले, हातात पाणी घेतलं, तोंड उघडलं, आणि आतून काय निघालं? ये ये ये!"

कमलाकरांना आता कुठे उलगडा झाला. "म्हणजे ... मालिकेवर? सगळीकडे?"

"अख्ख्या पनवेलात!"

"आणि राजा?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"राजा घाबरला! तुमची ती गिटार किंचाळली आणि नेमका तेव्हाच राजा पाया पडला!"

"म्हणजे शाप लागू पडला," मागून कोणीतरी म्हणालं.

"हसू नका! बळीरामची खोली आज रिकामी होणार. आणि टिपणीस, तुमच्यावर सोसायटीची नोटीस."

कमलाकर हात जोडून पुढे झाले. स्वतःचं काही नाही, पण पुतणीच्या हळदीच्या दिवशी बळीरामचा धंदा बुडावा? "भगवानराव, त्याची चूक नाही. माझ्यासाठी केलं त्याने. नोटीस दोन द्या, पण त्याची खोली राहू द्या."

"अहो, पण मी म्हणते," भगवानरावांच्या पत्नी सुनीताबाई पुढे येऊन म्हणाल्या, "एवढं वाईट होतं तर तुमचा पाय का हलत होता?"

"कोणाचा पाय?"

"तुमचा. उजवा. चांगला ठेका धरला होता. चहाची बशी नाचत होती."

"गुडघा दुखतो म्हणून हलवत होतो!"

"मग मानही दुखत होती वाटतं."

गच्चीत खसखस पिकली. तेवढ्यात समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर घोळक्यातून वाट काढत पुढे आले. हे गृहस्थ रुग्णालाही तोंड उघडायला हळू आवाजात सांगत. ते कमलाकरांच्या कानाशी पुटपुटले, "हा कार्यक्रम तुम्हीही ऐकता?"

"म्हणजे, तुम्हीही?"

"दर रविवारी. गाडी काढून गाढी नदीच्या पुलावर जाऊन उभा राहतो, तिथे चांगलं लागतं. घरी सांगतो, भाजी आणायला चाललो. आज गाडीच सुरू होईना, म्हणून घरी होतो."

"तरीच भाजी सुकलेली असते!" मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

मग बांध फुटलाच. बँकेतले एक जण म्हणाले की ते रविवारी गच्चीत सूर्यनमस्कार घालतात असा घरच्यांचा समज आहे, प्रत्यक्षात ट्रान्झिस्टर घेऊन कठड्यावर आडवे पडतात. शाळेतल्या एका सरांनी कबूल केलं की ते बाथरूममध्ये बादली उपडी घालून तिच्यावर बसतात. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, सगळ्यांची टाळकी उन्हात चकाकत होती, आणि प्रत्येकाला आजवर वाटत होतं की पनवेलात आपण एकटेच आहोत. कमलाकर त्यांच्याकडे बघत राहिले. एवढी माणसं एवढ्या जवळ, आणि आपण पिंपावर बसून होतो.

"तर प्रश्न असा," डॉक्टर आता मोठ्याने म्हणाले, "की पुढच्या रविवारी कुठल्या चॅनलवर?"

सगळ्यांनी भगवानरावांकडे पाहिलं. भगवानरावांनी घसा साफ केला. एक नियम मोडला की लगेच दुसरा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"मालिका मालिकेच्या चॅनलवर. हे जे काय आहे ते नऊ नंबरवर. सरमिसळ खपवून घेतली जाणार नाही. बळीरामची खोली तूर्त राहील. त्याने पिना स्वच्छ हातांनी लावाव्यात." मग त्यांनी कठड्याशी जाऊन बांबू हलवून पाहिला. "आणि ही दांडी धरायला पाळी लावावी लागेल. पहिली पाळी मी घेतो. व्यवस्थित धरली जाते की नाही ते बघायला हवं."

"आणि गुडघा?" सुनीताबाईंनी विचारलं. भगवानरावांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुपारभर टिपणिसांकडे माणसं येत होती. पाठ थोपटत होती, चहा पीत होती. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर कमलाकर पुन्हा पिंपावर जाऊन बसले, रेडिओशिवाय.

"काय झालं?" आशालताबाईंनी विचारलं.

"सगळ्या पनवेलने ऐकलं, आशा. मीच तेवढं नाही ऐकलं."

आशालताबाईंना हे सुचलंच नव्हतं. "अगं बाई! खरंच की."

"पंचवीस वर्षं झाली. मला आता माझा आवाजही आठवत नाही. कसं होतं?"

"छान होतं. म्हणजे असं, ढँग ढँग ढँग आणि मग तुम्ही एकदम ..." त्यांनी गाऊन दाखवायचा प्रयत्न केला. ते आरतीसारखं निघालं. अनुष्काने प्रयत्न केला, ते तिच्या आवडीच्या नव्या सिनेमातल्या गाण्यासारखं निघालं. कमलाकर हसले, पण डोळे भरून आले. त्यांना खरं तर एक जागा ऐकायची होती. गाण्याच्या मध्यात गिटार वर चढत जाई आणि शेवटच्या सुरावर त्यांचं बोट घसरलं होतं. स्टुडिओवाल्याने दुसऱ्यांदा वाजवू दिलं नव्हतं. बँडमधली पोरं आठवडाभर बोलली नव्हती त्यांच्याशी. ती घसरण किती वाईट होती, एवढं एकदा ऐकायचं होतं.

हळदीला निघण्यासाठी ते कपडे बदलून बाहेर आले, तेव्हा स्वयंपाकघरात लसूण वर्तमानपत्रावर पसरलेला दिसला. वाडगा धुऊन पुसून टीव्हीवर ठेवला होता.

तक्क्यात मांडव गच्च भरला होता. दिवे लागायला अजून अवकाश होता, बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, पोरं पिवळी होऊन पळत होती. टिपणीस कुटुंब दिसताच बळीराम खांबाआड गेला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"अरे, ये इकडे!" कमलाकर ओरडले. "खोली राहिली तुझी!"

"खरं सांगता, साहेब?" बळीराम बाहेर आला, आणि आनंदाच्या भरात त्याने कमलाकरांना मिठी मारली. नवा पांढरा शर्ट छातीवर पिवळा झाला. "चला, तुमाला गंमतच दाखवतू. आमचा बुधाजी सकालपासून तुमची वाट बगतंय."

बुधाजी चिरनेरचा. त्याची बेंजो पार्टी नसेल तर या भागात हळद लागली असं कोणी मानत नसे. गळ्यात विजेवर वाजणारा बेंजो, मागे ढोल, ताशा आणि कर्णे लावलेली हातगाडी. तो कमलाकरांकडे निरखून बघत म्हणाला, "तो साधूबाबाचा गाना तुमचा काय? आमी सकाली मांडवात टीवी लावून बसलो व्हतो. मना लय आवरला. पोरांना बोललू, आज हाच वाजवायचा. बगा बरा, जमलाय काय."

त्याने बोटं फिरवली. कर्ण्यांतून पहिला सूर निघाला आणि कमलाकर जागच्या जागी थिजले.

तेच होतं. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत, उपाशीपोटी, चार मित्रांच्या मध्ये बसून जुळवलेलं. ढोल त्याला आगरी ठेक्यात ढकलत होता, ताशा तडतडत होता, पण सूर त्यांचेच होते, एकही इकडचा तिकडे नव्हता. मांडव उठून नाचायला लागला. मावश्या, आत्या, करवल्या, नवरीसुद्धा पाटावर बसल्या बसल्या खांदे उडवू लागली. कमलाकर अश्रू पुसायचं विसरून उभे होते.

मग ती जागा आली. बेंजो वर चढत गेला, आणखी वर, आणि शेवटच्या सुरावर घसरला. अगदी तसाच. बुधाजीला ती चूक वाटलीच नव्हती, त्याने ती इमानेइतबारे उचलली होती. आणि त्या घसरणीवर अख्ख्या मांडवाने एकदम उडी मारली. सकाळपासून सराव झालेला दिसत होता. पोरं ओरडली, "परत! परत!" बुधाजी तीच जागा पुन्हा वाजवायला लागला आणि पुन्हा घसरला. मांडव पुन्हा उडाला.

"अहो, सगळे तिथेच उडी का मारतात?" आशालताबाईंनी कानाशी येऊन विचारलं.

"तिथे माझं बोट घसरलं होतं," कमलाकर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते कोणाला सांगितलं.

आशालताबाईंनी पदर खोचला. "मग बघत काय राहिलात? तुमची चूक आहे, तुम्हीच पुढे व्हायला नको का?"

बेंजो पुन्हा वर चढू लागला. टिपणिसांनी बायकोचा हात घट्ट धरला, सकाळी अँटेना धरली होती तसा, आणि सूर घसरला त्या क्षणी दोघांनी मिळून उडी मारली.